छोट्या दुकानात शनिवारचं वाईन टेस्टिंग: परवानगीपासून पिकदाणीपर्यंत

परवा लेस्टरहून एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या घराजवळ एक छोटं वाईन शॉप आहे. तिथे महिन्यातून एखाद्या शनिवारी दहा-बारा जणांना बोलावून टेस्टिंग ठेवायचं तिच्या आणि दुकानदाराच्या मनात आहे. पण परवान्याचं काही कळेना म्हणून दोघं दोन महिने नुसती अडून बसली आहेत. २०२४ च्या सुरुवातीला मीही अशीच अडले होते. तिला तासभर सांगितलं आणि मग वाटलं, सगळं क्रमाने लिहूनच ठेवावं. हे सारं इंग्लंडमधलं आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे आणि महाराष्ट्रातले एक्साइजचे नियम तर अगदीच वेगळे, त्यामुळे तिकडच्यांनी यातलं फॉर्म-फीचं काही धरून चालू नये.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, साडेचार एकर द्राक्षबाग आहे, बहुतेक थॉमसन आणि सोनाका. २००६ साली नानांनी त्यातल्या एका एकरात वाईनची द्राक्षं लावली होती, शेनिन ब्लाँ. एका वायनरीशी करार झाला होता. पहिली दोन वर्षं माल गेला, पैसे आले. पुढे मंदी आली, वायनऱ्यांचा जुना मालच पडून राहिला आणि आमचे घड उचलायला कोणी फिरकेना. मणी वेलीवरच सुकले. नानांनी पावसाळ्याच्या आधी ती एकरभर बाग मुळासकट काढून टाकली. मी तेव्हा बारावीला होते. आमचं घर माळकरी, त्यामुळे इतकी वर्षं शेनिन पिकवूनही तिची वाईन घरात कोणी तोंडाला लावलेली नव्हती.

लग्नानंतर आम्ही रेडिंगला आलो. थेम्स नदीच्या उत्तर काठावर कॅव्हरशम नावाचा भाग आहे, तिथे राहतो. नवऱ्याच्या व्हिसावर मी डिपेंडंट आहे आणि डिपेंडंटला काम करायची मुभा असते. २०२२ च्या सप्टेंबरपासून मी जवळच्याच वाईन शॉपमध्ये शनिवारी काम करू लागले. दुकान म्हणजे आपल्याकडचे दोन गाळे जोडल्याएवढी जागा. मालक पासष्टीच्या पुढचे, एकटेच दुकान चालवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला एका बाटलीवरचं 'शेनिन ब्लाँ' हे नाव दाखवून विचारलं, "हे कसं वाचतात माहीत आहे?" मी म्हटलं, "हे आमच्या शेतात होतं." त्या दिवसापासून त्यांनी मला शिकवायचं मनावर घेतलं.

आईला मात्र मी सहा महिने 'दुकानात काम करते' एवढंच सांगितलं होतं. शेवटी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, दारूच्या दुकानात? तिथे काय कमी दुकानं आहेत का?" नाना मागून म्हणाले, "द्राक्षाचंच आहे ना ते. करू दे." तेवढ्यावर तो विषय थांबला.

२०२४ चा जानेवारी दुकानाला फार जड गेला. इथे बरेच लोक जानेवारीभर दारू सोडतात. एका रिकाम्या शनिवारी मालक म्हणाले, शनिवारी संध्याकाळी सहा वाईन उघडू, लोकांना बसवू, समजावून सांगू, थोडं तिकीट लावू. मला आनंद झाला आणि लगेच धास्तीही वाटली. व्हिसावर असलेल्या माणसाला सरकारी फॉर्म म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यात विनापरवाना दारू विकण्याबद्दल कायद्यात काय म्हटलंय ते मी त्याच रात्री वाचलं: दंडाला वरची मर्यादा नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आधी करायला हवं होतं ते केलं, दुकानातल्या भिंतीवर लावलेला परवाना वाचला. तुम्हीही सुरुवात इथूनच करा. परवान्याचा सारांश दर्शनी भागात लावणं बंधनकारक असतं, त्यामुळे तो सापडतोच. आमच्या परवान्यावर स्पष्ट लिहिलं होतं की विक्री फक्त 'जागेबाहेर पिण्यासाठी'. म्हणजे गिऱ्हाइकाने बाटली घ्यायची आणि घरी जायचं. काउंटरवर मालक अधूनमधून एखादा घोट फुकट चाखायला द्यायचे, ते चालत होतं, कारण खरोखर फुकट दिलं तर ती विक्री होत नाही. पण तिकीट लावलं की ती विक्री झाली, आणि तीही जागेवर बसून पिण्यासाठीची. 'टेस्टिंग फुकट, पण बाटली घ्यावीच लागेल' अशी पळवाट पुष्कळांना सुचते. तीही विक्रीच धरली जाते.

५ फेब्रुवारीला मी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, लायसन्सिंग विभागाला ईमेल पाठवली. उत्तर नऊ दिवसांनी आलं. त्या नऊ दिवसांत मी रोज वाटेल ते कल्पून घेतलं, पण उत्तर अगदी सरळ आणि आपुलकीचं होतं. दोन रस्ते आहेत, असं त्यांनी लिहिलं. एक, प्रत्येक कार्यक्रमासाठी टेंपररी इव्हेंट नोटिस द्यायची, जिला इथे सगळे 'टेन' म्हणतात. दोन, दुकानाच्या मूळ परवान्यातच बदल करून घ्यायचा. आधी टेनवर तीन-चार वेळा करून बघा, लोक येतात का ते कळेल, मग परवान्याला हात घाला, हा सल्ला त्याच अधिकाऱ्यांचा. तुम्ही अजून काहीच केलेलं नसताना विचारायला गेलात तर ही माणसं खरंच मदत करतात, हा माझा पुढेही प्रत्येक वेळी आलेला अनुभव.

टेनची फी २१ पौंड. फॉर्म ऑनलाइन भरता येतो आणि ऑनलाइन भरला तर पोलिसांना आणि पर्यावरण-आरोग्य विभागाला प्रती कौन्सिलच पाठवते. त्या दोघांना आक्षेप घ्यायला तीन कामाचे दिवस असतात. कोणी काही म्हणालं नाही तर कार्यक्रम करायला मोकळे. एका वेळी ४९९ पर्यंत माणसं चालतात, तो आकडा आमच्यासाठी फारच लांबचा. महत्त्वाचे आकडे वेगळे आहेत: २०२४ मध्ये एका जागेवर वर्षात १५ टेन आणि एकूण २१ दिवस अशी मर्यादा होती. वैयक्तिक परवाना, म्हणजे दारूविक्रीसाठी माणसाच्या स्वतःच्या नावावर मिळणारा परवाना, नसलेल्या माणसाला वर्षात फक्त पाच टेन देता येतात.

पहिली तारीख ठरली शनिवार, ६ एप्रिल. नोटिस कार्यक्रमाच्या दहा पूर्ण कामाच्या दिवसांआधी द्यावी लागते. ज्या दिवशी देता तो दिवस धरायचा नाही आणि कार्यक्रमाचा दिवसही धरायचा नाही. मी २२ मार्चला, शुक्रवारी फॉर्म भरला. कॅलेंडरवर बोट ठेवून दहा दिवस मोजले होते, पण त्या वर्षी २९ मार्चला गुड फ्रायडे आणि १ एप्रिलला ईस्टर मंडे होता, हे मोजताना डोळ्यांसमोर होतं तरी डोक्यात आलं नाही. भरले फक्त आठ दिवस. सोमवारी सकाळी ईमेल आली की तुमची नोटिस 'उशिराची' म्हणून घेतली आहे. पाच ते नऊ दिवस आधी दिलेली नोटिस अशी घेतात. फरक असा की साध्या नोटिशीवर आक्षेप आला तर सुनावणी होते, तुमचं म्हणणं ऐकून घेतात. उशिराच्या नोटिशीवर आक्षेप आला की कार्यक्रम तिथेच रद्द, सुनावणी नाही. शिवाय अशा नोटिसा माझ्यासारखीला वर्षात दोनच. नऊ तिकिटं विकून झाली होती. ते तीन दिवस मी फोन हातातून खाली ठेवला नाही. आक्षेप आला नाही. पुढच्या प्रत्येक वेळी मी आधी बँक हॉलिडेवर लाल पेनाने फुली मारली आणि मग दिवस मोजले, तेही तीन आठवडे आधी.

पहिल्या शनिवारी अकरा जण आले. तिकीट १५ पौंड. सहा वाईन, प्रत्येकी पन्नास मिलिलिटर. हे पन्नासचं गणित समजून घ्या. इथे वाईन ग्लासने विकायची तर १२५ किंवा १७५ मिलिलिटर अशी ठरलेली मापं आहेत, पण ७५ च्या खाली असेल तर ते बंधन नाही. पन्नासच्या मापाने साडेसातशेच्या बाटलीतून हिशोबाने पंधरा, प्रत्यक्षात चौदा जणांचं होतं. म्हणजे चौदा माणसांपर्यंत प्रत्येक प्रकाराची एकच बाटली पुरते. पंधरावा माणूस आला की सहा बाटल्या जास्तीच्या फोडाव्या लागतात.

हिशोब सांगते, कारण कोणी सांगत नाही. तिकिटांचे १६५ पौंड आले. त्यात २० टक्के व्हॅट धरलेला, म्हणजे साडेसत्तावीस पौंड सरकारचे. वाईन मालकांच्या खरेदीच्या भावाने ५८ पौंडांची, पाव आणि चीज १७ पौंडांचं, टेनचे २१. उरले साडेएक्केचाळीस. ग्लास भाड्याने आणले नाहीत. इथल्या एका मोठ्या दुकानातून ते फुकट मिळाले, फुटला तरच पैसे. त्या संध्याकाळी मात्र सात जणांनी जाताना बाटल्या घेतल्या, आणि दुकान चालतं ते त्याच्यावर.

चीज ठेवणार असाल तर एक लक्षात असू द्या: खाद्यपदार्थांचा व्यवसाय म्हणून कौन्सिलकडे नोंदणी लागते, फुकट असते, पण २८ दिवस आधी करायची. आमच्या दुकानाची ती होतीच. वाईनमध्ये ती टिकावी म्हणून घातलेलं सल्फाइट असतं, काही वाईन दूध किंवा अंड्यातले पदार्थ वापरून स्वच्छ केलेल्या असतात. ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ते लेबल वाचून आधीच एका कागदावर लिहून ठेवावं. पहिल्याच दिवशी एका बाईंनी विचारलं आणि माझ्याकडे उत्तर होतं, त्याने मला मोठा धीर आला.

मी घाबरले होते ते वेगळ्याच गोष्टीला. लोक बोलतच नव्हते. घोट घेतला की 'छान आहे' म्हणायचे आणि गप्प. पुस्तकी शब्द ऐकून माणूस आपल्या जिभेवरचा विश्वासच घालवून बसतो. मग मी घरून थर्मास भरून आणलेला कोरा चहा काढला, मुद्दाम वीस मिनिटं उकळून कडक केलेला, साखर-दूध न घातलेला. प्रत्येकाला एक घोट दिला. जीभ टाळूला चिकटते, दात खरखरीत लागतात. "हे लक्षात ठेवा," मी म्हटलं, आणि लगेच लाल वाईन ओतली. सगळ्यांचे चेहरे एकदम उजळले. आपल्याला यासाठी किती सोपा शब्द आहे, तुरट. सुपारी खाल्ली, कच्चं जांभूळ खाल्लं की लहान पोरही सांगतं. इंग्रजीत तो शब्द रोजच्या बोलण्यात नाही, म्हणून माणसं चाचपडतात. मी त्यांना 'तुरट' हाच शब्द शिकवला. आमच्या टेबलावर आता तोच चालतो.

आणि पिकदाणी. टेस्टिंगमध्ये वाईन गिळलीच पाहिजे असं नाही. तोंडात घोळवून थुंकता येते, गाडी चालवणाऱ्यांना तर थुंकावीच लागते. पहिल्या दिवशी मी घरचा स्टीलचा डबा ठेवला होता, पण चारचौघांत कोण थुंकणार! मग मीच पहिली थुंकले, शांतपणे, आणि वाईनबद्दल बोलत राहिले. त्यानंतर दोघांनी केलं, मग चौघांनी. सहा वाईनचे पन्नास-पन्नास मिलिलिटर सगळे गिळले तर सुमारे चार युनिट दारू होते (एक युनिट म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल), हे मी सुरुवातीलाच सांगते. पाण्याचा जग टेबलावर असतोच, फुकट पाणी देणं नियमातच आहे.

दुसरं टेस्टिंग १८ मेला झालं. त्या वेळी रेडिंगमधल्या तीन मराठी घरांतली सहा माणसं आली होती. त्यातल्या दोघी फक्त वास घेणार होत्या, आणि तसं चालतं हे मी त्यांना फोनवरच सांगितलं होतं. त्यांनी घेतलेले वास ऐकण्यासारखे होते. इंग्लंडमध्ये बॅकस नावाचं पांढरं द्राक्ष बरंच लावतात. ट्वायफर्डजवळच्या मळ्यातली बॅकसची वाईन हुंगून एक म्हणाली, "हा तर कोथिंबिरीच्या काड्यांचा वास!" दुसरी म्हणाली, "नाही, पावसाळ्यात गवत कापलेलं असतं तसा." मालकांनी दोन्ही शब्द वहीत लिहून घेतले. मी माहेरी बागेतून चालताना असेच वास घ्यायचे. कोणी नावं विचारली नव्हती एवढंच.

त्याच संध्याकाळी एक गृहस्थ आधीच पिऊन आले. तिकीट घेतलेलं, बोलायला गोड, पण पाय सावरत नव्हते. झिंगलेल्या माणसाला दारू विकणं हा गुन्हा आहे. मला ते माहीत होतं, तरी तोंडाने म्हणायला जड गेलं. मी त्यांना दाराशी नेलं, पैसे परत केले, पुढच्या वेळी नक्की या म्हटलं आणि टॅक्सी बोलावली. हात थरथरत होते. मालक एक शब्द न बोलता माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. जून महिन्यात तेच गृहस्थ पुन्हा आले, वेळेवर आणि शुद्धीत, आणि दाराशीच त्यांनी माझे आभार मानले. वयाचंही तसंच. कायदा १८ चा आहे, पण पंचविशीच्या आतला कोणी वाटला की ओळखपत्र बघायचं, हा दुकानाचा नियम. पाहुणा असो, कोणाचा मुलगा असो, बघायचं.

मे महिन्यातच मी वैयक्तिक परवान्याच्या मागे लागले. तो असला की वर्षाला ५० टेन देता येतात, आणि मुख्य म्हणजे उद्या दुकान बदललं तरी तो आपल्याबरोबर येतो. त्यासाठी एक दिवसाचा कोर्स आणि परीक्षा असते. मी १४ मेला दिली. चाळीस प्रश्न, पर्यायांमधून निवडायचे, अठ्ठावीस बरोबर आले की पास. मला कोर्सचे १३० पौंड पडले. पुस्तिका आठवडाभर आधी मिळते, ती दोनदा वाचली तर अवघड काही नाही. इंग्रजी दुसरी भाषा असणाऱ्यांनी फक्त 'करू शकतो' आणि 'केलंच पाहिजे' हा फरक नीट वाचावा, निम्मे प्रश्न त्यावर असतात.

त्यानंतर गुन्हेगारी नोंद नसल्याचा दाखला, म्हणजे बेसिक डीबीएस, तेव्हा १८ पौंड. तो अर्जाच्या वेळी एक महिन्यापेक्षा जुना चालत नाही. म्हणून परीक्षेचा निकाल हातात येईपर्यंत तो काढू नका. दोन फोटो, त्यातल्या एकावर प्रतिष्ठित व्यक्तीची सही. माझ्या फोटोवर मुलाच्या शाळेतल्या शिक्षिकेने केली. काम करण्याच्या हक्काचा पुरावा, आणि ३७ पौंड फी. अर्ज तुम्ही राहता त्या कौन्सिलकडे करायचा, दुकान कुठेही असो. हा परवाना तसा कायमचा असतो, पण आपल्यासारख्या व्हिसावाल्यांचा काम करण्याचा हक्क संपला की तोही संपतो. म्हणून व्हिसा वाढवताना ही तारीख लक्षात ठेवा. माझं कार्ड २ जुलैला आलं. नवऱ्याने ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं आणि देवापुढे ठेवलं.

तोवर दुकानाच्या मूळ परवान्यात बदल करायचा अर्जही गेला होता. हा अर्ज मालकांच्या नावाने, कारण परवाना त्यांचा. किरकोळ बदलासाठी ८९ पौंडांचा सोपा रस्ता आहे, पण जागेवर पिण्याची विक्री नव्याने घालायची असेल तर तो चालत नाही, पूर्ण बदलाचाच अर्ज लागतो. फी दुकानाच्या करपात्र मूल्यावर ठरते. आमची १९० पौंड झाली. अर्जात चार उद्दिष्टांबद्दल लिहावं लागतं: गुन्हे आणि बेशिस्त रोखणं, लोकांची सुरक्षितता, शेजाऱ्यांना त्रास न होणं, मुलांचं रक्षण. मी आधी मोठमोठी वाक्यं लिहिली होती. अधिकारी फोनवर म्हणाल्या, जे खरंच करणार आहात तेवढंच लिहा, कारण इथे लिहिलेली प्रत्येक ओळ पुढे परवान्यावरची अट होऊ शकते. मी अर्धं खोडलं.

अर्ज १० जूनला दिला. दुसऱ्या दिवसापासून २८ दिवस दुकानाच्या दारावर फिकट निळ्या रंगाच्या ए-फोर कागदावर नोटिस लावायची असते, अक्षरं सोळा पॉइंटांपेक्षा लहान नकोत. तसंच दहा कामाच्या दिवसांत स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात. हीच जाहिरात सगळ्यात महाग, २३४ पौंड. छापण्याआधी मजकूर कौन्सिलला दाखवा. त्यात तारीख चुकली तर २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतात.

तो निळा कागद मला फार जड गेला. रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस थांबून वाचायचा आणि मी आतून बघत राहायचे. बाराव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी आक्षेप नोंदवला: रात्री आवाज होईल, बाहेर लोक सिगारेट ओढत उभे राहतील. कौन्सिलचं पत्र आलं तेव्हा मालक खचले. म्हणाले, जाऊ दे, टेनवरच चालवू. मला मात्र वाटलं, यांच्याशी आपण कधी बोललोच नाही. संध्याकाळी वर गेले. दार उघडणाऱ्या बाई रुग्णालयात परिचारिका होत्या. रविवारी सकाळी सहाला त्यांची ड्यूटी असायची. त्यांचं काही चुकलं नव्हतं. आम्ही लिहून दिलं की नऊच्या आत सगळं बंद, टेस्टिंगच्या वेळी पुढचं दार लावलेलं, खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या मऊ पट्ट्या. त्यांनी आक्षेप मागे घेतला. पोलिसांनीही दोन अटी सुचवल्या: जागेवर पिण्याची विक्री फक्त आधी नोंदणी केलेल्या टेस्टिंगपुरती, आणि एका वेळी सोळाच माणसं. मान्य केल्या. त्यामुळे सुनावणी झालीच नाही. सुधारलेला परवाना जुलै संपता संपता पोस्टाने आला.

या मधल्या काळात २२ जून आणि १३ जुलैचं टेस्टिंग टेनवरच झालं. जुलैतल्या संध्याकाळी मी सात पौंडांच्या बाटलीचा हिशोब फळ्यावर मांडला होता. व्हॅट एक पौंड सतरा पेन्स, मद्यावरचा कर त्या वेळी दोन पौंड सदुसष्ट पेन्स. उरलेल्या तीन पौंड सोळा पेन्समध्ये बाटली, बूच, जहाज, गोदाम, दुकानदाराचा नफा, आणि सगळ्यात शेवटी द्राक्ष. मद्यावरचा कर तेवढाच राहतो, म्हणून दहा-अकरा पौंडांच्या बाटलीत द्राक्षाला कितीतरी जास्त मिळतं. मला हे सांगताना आमच्या वाळलेल्या घडांची आठवण येत होती. त्यांना मी ती सांगितली नाही.

ऑगस्टमध्ये आई-नाना आले. ऑक्टोबर छाटणीच्या आत परतायचं या बोलीवर. १७ ऑगस्टचं टेस्टिंग नव्या परवान्यावरचं पहिलं होतं, आणि नाना म्हणाले, "मी बसतो मागे. बघतो काय करतेस." आई घरी थांबली. मी आग्रह केला नाही.

त्या दिवशी चौथी वाईन दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लाँ होती. जगात सर्वांत जास्त शेनिन तिकडेच पिकते. मी नानांजवळ ग्लास नेला आणि म्हटलं, "नाना, पिऊ नका, फक्त वास घ्या. ही आपल्यातली." त्यांनी गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सरकवली, ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ नाकाशी ठेवला. मग म्हणाले, "पेरूचा वास. पिकलेल्या. आपल्याकडे फेब्रुवारीत सकाळी पाट्या भरल्या की शेडमध्ये असाच सुटायचा." मी इंग्रजीत सांगितलं. टेबलावरचे सगळे वळून बसले.

एकाने विचारलं, द्राक्ष तयार झालं हे कसं कळायचं? नाना म्हणाले, "मशीनवर साखर बघायचो, पण मी आधी बी बघायचो." चीजच्या ताटात काळी द्राक्षं होती, त्यातली दोन-चार बियांची निघाली. त्यांनी त्यातलं एक दातांनी अर्धं केलं, बी तळहातावर घेतली आणि दाखवली. "हिरवी बी म्हणजे थांबायचं. अशी तपकिरी झाली, चावल्यावर टचकन फुटली, की तोडायचं. हिरवी असताना तोडलं तर..." त्यांना शब्द आठवेना म्हणून ते माझ्याकडे बघू लागले, आणि माझ्याआधी समोर बसलेल्या एका इंग्रज आजोबांनी तो म्हटला, "तुरट."

नाना हसले. मग सगळ्यांनी बिया चावून पाहिल्या.

टेस्टिंग पावणेनऊला संपलं, खुर्च्या उचलून ठेवल्या. शेनिनची रिकामी बाटली नानांनी मागून घेतली. परत जाताना आईनेच ती तीनदा गरम पाण्याने धुतली आणि दोन साड्यांच्या मध्ये गुंडाळून बॅगेत भरली. आता ती निफाडला ओसरीच्या खिडकीत आहे. आईने त्यात मनीप्लांट लावलाय.